खिंडीबाहेरचं पाणी

ऑकलंड
१२ मार्च १९८७

मलामा,

तू सुखरूप पोचलीस हे मला पाळकबाईंच्या तारेवरून कळलं. तुझ्या हातचं अजून एक अक्षर नाही. पोरी अजूनही पुढच्या खोलीत पाय न वाजवता जातात, मलामामावशी झोपली असेल म्हणून. इतके महिने त्या पलंगावर तुला बघायची सवय झाली होती आम्हाला.

डॉक्टरांनी शेवटच्या दिवशी काय सांगितलं ते विसरली नसशील. घोटा तीन ठिकाणी मोडला होता, धातूची पट्टी आणि स्क्रू घालून जोडलाय. चालायचं ते सपाट जमिनीवर, आणि पोहायचंच असेल तर कठडा असलेल्या तलावात. तू विचारलंस, "आणि समुद्रात?" ते हसले. त्यांना वाटलं, गंमत करतेयस. मी मात्र हसले नाही.

समुद्राकडे उतरणाऱ्या त्या पायऱ्यांवर पुन्हा जाऊ नकोस. तुझा पाय खडकाच्या फटीत राहिला आणि बाकीची तू खाली गेलीस, हे मी कुपाकाकांच्या तोंडून ऐकलंय. तुला त्यांनी कसं वर आणलं तेही. मला ते पुन्हा ऐकायचं नाही.

आता दुसरं. तू रागावशील, तरी लिहिते. घरात तुम्ही दोघीच. एक म्हातारी, एक लंगडी. आई पडली तर तू तिला उचलणार, की ती तुला? पिटा आणि मी ठरवलंय, इथली थंडी सरली की आईला इकडे आणायचं. कायमचं. तिच्याशी तू बोल. माझं ती ऐकत नाही.

लोसा

*

तुआपा, निउए
२ एप्रिल १९८७

लोसाताई,

फाकाआलोफा. पत्राला उशीर झाला, शाळा सुरू झाली म्हणून. माझा वर्ग मला बघून आधी गप्प झाला आणि मग सगळ्यांना घोट्यावरचा व्रण बघायचा होता. मी दाखवला. एक पोरगी म्हणाली, बाई, हा तर सुरवंट आहे. त्या दिवसापासून माझ्या पायाला सुरवंटच म्हणतात.

मी काठीशिवाय शाळेत जाते. संध्याकाळी थोडी सूज येते, ती पाय उशीवर ठेवला की उतरते. मावशी ठीक आहे. काल तिने तारो-पपईचं ताकिही केलं होतं आणि नारळाचं दूध जास्त घातलं म्हणून स्वतःवरच चिडली होती. जेवते, चर्चला जाते, माझ्यापेक्षा भराभर चालते.

समुद्राकडे मी जात नाही. रस्त्यावरून दिसतो तेवढा पुरे.

मावशीला नेऊ नकोस असं मी म्हणत नाही. तुझी आई आहे. फक्त घाई करू नकोस. मी बरी होतेय, आम्ही दोघी एकमेकींना पुरतो.

मलामा

*

ऑकलंड
२४ एप्रिल १९८७

मलामा,

रविवारी चर्चनंतर आपल्या गावाकडची मंडळी भेटली, नुकतीच विमानातून उतरलेली. मी तुझी चौकशी केली. त्यातल्या एक बाई अगदी कौतुकाने म्हणाल्या, तुझी मावसबहीण हिमतीची हो, रोज शाळा सुटली की त्या पायऱ्या बुड टेकत टेकत उतरते आणि डबक्यात तरंगत बसते, आणि तुझी आई वर बसून राखण करते.

मी तिथे केक हातात धरून उभी होते. मला माहीत होतं असं दाखवलं.

काठीशिवाय चालतेस हे तरी खरं आहे का?

आईचं तिकीट सप्टेंबरचं काढतेय. आता मला काही समजावू नकोस.

लोसा

*

तुआपा
१३ मे १९८७

लोसाताई,

काठी आहे. लिहिताना ती मी दाराआड ठेवली होती एवढंच खरं. तुला कळलं की मावशीला लगेच नेशील, या भीतीने लिहिलं. आता तू नेणारच आहेस, तर सगळं सांगते.

आल्यावर पहिले दोन आठवडे मी खरंच गेले नाही. मग एक दिवस मावशीच म्हणाली, "तू घरात अशी बसतेस की मला वाटतं घरात कोणी मेलंय. चल." तिने छत्री घेतली, मी काठी. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला ती बसली आणि म्हणाली, "उभी राहून पडलीस ना? मग बसून जा."

बसून गेले. लहान मूल जिना उतरतं तशी. जिथे पडले होते ती फट आली तेव्हा तिच्याकडे पाहिलं नाही. खाली ओहोटी होती, प्रवाळाच्या कडेच्या आतलं डबकं शांत होतं. जुने कॅनव्हासचे बूट घालून पाण्यात सरकले.

ताई, पाणी कमरेपर्यंत आलं आणि पायावरचा भार गेला. अपघात झाल्यापासून प्रत्येक पावलाला तो पाय मला विचारत होता, टाकू का? खरंच टाकू का? मी हो म्हटल्याशिवाय हलत नव्हता. पाण्यात त्याने विचारणं बंद केलं. मी तिथेच उभी राहिले, पोहले नाही, काही नाही. वरून मावशी ओरडली, "काय गं, दुखतंय का?" दुखत नव्हतं, हेच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हात मारले. तेव्हा कळलं की पाय दुखत नसला तरी तो माझा राहिलेला नाही. पंजा ताणला जात नाही. होडीला मागे दगड बांधावा तसा ओढतो. मी समोरच्या खडकाकडे निघते आणि भलतीकडेच पोचते. मावशी वरून हसते, "खेकडा चालला बघा." आणि घोट्यातली पट्टी बाकीच्या अंगाआधी गार पडते. हाडाच्या आत कोणी बर्फ ठेवल्यासारखं वाटतं. पण रोज थोडं सरळ जातंय. आता मी चुकीच्या खडकाकडे तोंड करून निघते, म्हणजे बरोबर खडकाला लागते.

मला समजावू नकोस म्हणालीस, म्हणून समजावत नाही. पण तुला आपलं पाणी आठवतं का? तुझ्याकडे असताना पिटाने मला बंदरावर नेलं होतं. मी पाण्यात हात घातला तर माझी बोटं मला दिसली नाहीत. तेव्हाच मनात म्हटलं, घरी जायला हवं.

कडेच्या बाहेर मी गेलेली नाही. कडेतल्या खिंडीतून बाहेर जाणं सोपं आहे, लाट ओढून नेते. परत येताना लाटेबरोबर आत येऊन कडेवर झटकन उभं राहावं लागतं, पुढची लाट यायच्या आत. तेवढा भरवसा या पायाचा अजून नाही. भरवसा आला की जाईन, आणि तुला कळवेन. आता खोटं लिहिणार नाही.

मलामा

*

ऑकलंड
८ जून १९८७

मलामा,

पत्र दोनदा वाचलं. एकदा रागाने, एकदा बसमध्ये.

आपलं पाणी मला आठवत नाही. नऊ वर्षांची होते इथे शिकायला आले तेव्हा. मला पायऱ्या आठवतात, आणि आई पाण्यात गेली की मी वर बसून रडायचे हे आठवतं. ती डोकं खाली घालायची आणि बराच वेळ वर काढायची नाही. मला वाटायचं, आता नाही येणार. अजून मी तोंडावर पाणी घेत नाही. पोरी हसतात.

आई तुझ्याबरोबर बसते ते बरं आहे. पण तिकीट सप्टेंबरचंच आहे. इथे गॅरेजशेजारची खोली रंगवून घेतलीय. तिच्यासाठी गरम कपडे मी घेईन, तिकडून काही आणू नका.

बाहेर जाऊ नकोस.

लोसा

*

तुआपा
५ ऑगस्ट १९८७

लोसाताई,

मी बाहेर गेले. कळवेन म्हटलं होतं.

एकटी नव्हते. कुपाकाका त्यांची छोटी होडी, वाका, घेऊन खिंडीच्या तोंडाशी थांबले होते. ते म्हणाले, "तुला एकदा वर उचलून आणलंय, आता वयाने जमणार नाही, म्हणून आधीच खाली थांबतो." समुद्र सपाट होता. ओहोटी लागली होती. लाटेने ओढलं आणि मी बाहेर.

कड संपते तिथे खाली काहीच नाही. मी लहानपणापासून ते बघत आलेय, तरी श्वास घ्यायचा राहिला. माडावर माड उभे केले तरी वर येणार नाहीत एवढी खोल भिंत, आणि तिच्या पायथ्याची वाळूसुद्धा दिसत होती. ऊन तिरकं आत उतरत होतं आणि खाली जाऊन एका ठिकाणी मिळत होतं. दोन पट्टेरी साप श्वास घ्यायला वर आले, माझ्या हाताजवळून, आणि काम झाल्यावर निघून गेले. मी नुसती पडून होते. या सगळ्याला माझ्या घोट्याची काहीच खबर नव्हती. मी नसताना हे रोज असंच चाललं होतं, आणि मी परत आले तर त्याने मला आत घेतलं, जागाही करावी न लागता.

मग घोट्यात काहीतरी वाजलं.

मला वाटलं पट्टी सैल झाली. स्क्रू हलतोय. एक बारीक थरथर, हाडाच्या आतून. मी पाय घट्ट धरला. थरथर गुडघ्यात आली, मग बरगड्यांत, मग दातांत. तेव्हा समजलं की ती माझी नाही. बाहेरून येतेय. एक लांब, खोल स्वर, एवढा खोल की त्याला आवाज म्हणावं की नाही कळेना. तो सावकाश वर चढला, दार करकरावं तसा करकरला, थांबला, आणि पुन्हा पहिल्या जागेवरून सुरू झाला.

डोकं वर काढलं. काही नाही. वारा, आणि काका काहीतरी चघळत बसलेले. डोकं खाली घातलं, तर सगळा समुद्र भरलेला. पुन्हा वर, काही नाही. दोन्ही एकाच जागी आहेत आणि मध्ये फक्त पाण्याची एक साय आहे, हे माझ्या डोक्यात मावेना.

काकांनी विचारलं, "काय झालं? पाय?"

मी म्हटलं, "काका, खाली कोणीतरी गातंय."

काकांनी वल्हं उभं धरलं, पातं पाण्यात खोल घातलं आणि दांड्याच्या टोकाला कान लावला. बराच वेळ तसेच होते. मग एका हाताने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"आले," ते म्हणाले.

परत येताना लाट बरोबर साधली. कडेवर उभी राहायच्या वेळी काकांनी हात दिला, म्हणून तो पायाचा पराक्रम नाही.

मावशी तारोचे कंद सोलत होती. मी सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली आणि एकच विचारलं, "खालून वर जात होतं, की वरून खाली येत होतं?" खालून वर, मी म्हटलं. तिने मान हलवली आणि उरलेला तारो न सोलताच उठली. रात्री जेवताना म्हणाली, पूर्वी दर थंडीत देवमासे यायचे, पाण्यात डोकं घातलं की ऐकू यायचं. मग देवमासे मारणाऱ्या मोठ्या बोटी आल्या, दूरच्या देशांच्या, आणि हळूहळू आवाज कमी झाले. एका वर्षी आलेच नाहीत. त्यानंतरही काही वर्षं ती जात राहिली, डोकं खाली घालून वाट बघत. मग सोडून दिलं.

तू वर बसून रडायचीस ना, ती तेव्हा ऐकत होती, ताई.

मलामा

*

ऑकलंड
२१ ऑगस्ट १९८७

मलामा,

बाहेर गेलीस आणि परत आलीस, देवाची कृपा. बाकीच्याबद्दल काय लिहू? मी पिटाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, लांबून बोटीचं इंजिन पाण्यात तसंच ऐकू येतं. इतके महिने दुखणं काढलंस, गोळ्या खाल्ल्यास, त्यात मन हळवं होतं. खोटं बोलतेयस असं नाही म्हणत.

आई काय करत होती हे तू मला सांगू नकोस. ते तिने मला सांगायचं होतं.

तिकीट १९ सप्टेंबरचं आहे. तोवर आईला यात ओढू नकोस. शहात्तर वर्षांची आहे. त्या पायऱ्यांवर तिने पाऊल ठेवलं तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

लोसा

*

तुआपा
१८ सप्टेंबर १९८७

लोसाताई,

हे पत्र मावशीच्याच हाती देतेय, म्हणजे तू रागावशील तेव्हा ती समोर असेल.

तू लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिला मी जन्म दिलाय, तिने मला नाही." आणि शनिवारी सकाळी, चर्चला जातात तसे केस विंचरून, दारात उभी राहिली.

पायऱ्या आम्ही दोघी बसून उतरलो. मी पुढे, तिचे हात माझ्या खांद्यांवर. त्या फटीपाशी मी थांबले. ती म्हणाली, "हीच का?" आणि तिच्यात वाकून बघितलं, विहिरीत बघतात तसं. म्हणाली, "केवढीशी आहे." आम्ही पुढे गेलो.

काकांनी तिला वाकात बसवलं. मी बाजूने पोहत निघाले. बाहेर आल्यावर काकांनी वल्हं पाण्यात घातलं, ऐकलं, आणि दांडा तिच्यापुढे केला. तिने तो बाजूला सारला. म्हणाली, "कानाने नाही ऐकायचं मला." आणि कपड्यांसकट, वाकाचा आडवा ओंडका धरून, पाण्यात उतरली. तिचं वजनच लागेना मला. मी पाठीखाली हात धरला. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड पाण्यात घातलं.

या वेळी दोन होते. एक जवळ, एक कुठेतरी फार दूर, दुसऱ्या बेटाएवढा दूर. जवळचा थांबला की दूरचा सुरू व्हायचा. माझा हात तिच्या पाठीवर होता, आणि तो स्वर तिच्यातून येऊन मला लागत होता. आम्ही त्यांना पाहिलं नाही. एक शेपूट नाही, एक फवारा नाही. मला बघायचंही नव्हतं. त्या स्वराला लागेल एवढं शरीर कुठे ठेवायचं, हेच मला समजत नव्हतं.

मावशी श्वास घ्यायला वर यायची आणि पुन्हा खाली जायची. रडत होती की पाणी होतं, सांगता येत नाही. शेवटी वर आली आणि म्हणाली, "लोसा पोटात होती तेव्हा असं झालं होतं. लाथा मारायची थांबली होती. जवळच गात होता तो, आणि ती आत गप्प राहून ऐकत होती."

परत येताना वारा सुटला. ती पुन्हा वाकात चढू शकेना, म्हणून मी तिला धरून लाटेबरोबर आत आणलं. काका मागे राहिले. लाटेने आम्हाला कडेवर टाकलं आणि ओढू लागली. मला उभं राहावं लागलं, ताई, त्याच पायावर, तिला दोन्ही हातांत धरून. दुसरा पाय टेकायला जागा नव्हती. मी त्याला विचारलं नाही, त्याने मला विचारलं नाही. तो उभा राहिला. पुढची लाट आली, गुडघ्यावरून गेली, आणि तो उभाच होता.

डबक्यात आल्यावर मावशीने माझा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, जाऊ नकोस. मी ताईला लिहिते. ती म्हणाली, "मी इतकी वर्षं का हलत नव्हते, तुला वाटलं तुझ्यासाठी? मला वाटायचं, मी गेले आणि ते आले तर? आता आलेत. ओळखणारं कोणीतरी इथे आहे. आता मी पोरीकडे जाते."

तिला दूध घालून चहा लागतो, आणि पाठीला उशी. उद्या तिला विमानावर सोडून मी पाण्यात जाईन. तशी मी एकटी असणार नाही.

मलामा

*

ऑकलंड
११ ऑक्टोबर १९८७

मलामा,

तुझं पत्र आईने विमानतळावरच दिलं आणि मी वाचत असताना माझ्याकडे बघत उभी राहिली. मी रागावणार होते. ती म्हणाली, "आधी घरी चल, मला लघवीला लागलीय." त्यात राग राहून गेला.

पहिले दोन आठवडे मी काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. खिडकीशी बसायची, पाऊस बघायची, पोरींना वेण्या घालायची. गेल्या शनिवारी धाकटी म्हणाली, आजी, मासा कसा गातो? आई म्हणाली, "तो असा हवेत नाही दाखवता येत. मोठा टब आहे ना तुमच्याकडे?"

टब भरला. आई अंगातल्या झग्यासकट आत बसली. धाकटी तिच्यासमोर. आईने धाकटीला मागे झोपवून तिचे कान पाण्यात बुडवले, स्वतःही हनुवटीपर्यंत खाली सरकली, आणि तोंड मिटून सूर धरला. दारात उभ्या मला तो ऐकू येत होता, म्हातारीचं गुणगुणणं, फाटकं. मी टॉवेल घेऊन थांबले होते. पण धाकटीचं तोंड बघून मी टॉवेल ठेवला. ती कधीच इतकी स्थिर नसते. डोळे उघडे, छताकडे. तिला कोणीतरी हाक मारत होतं आणि ती कुठून ते शोधत होती.

मग थोरली बसली. मग आईने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, आई, मला नाही जमत, तुला माहीत आहे. ती म्हणाली, "माहीत आहे. ये."

मी कामाच्या कपड्यांतच आत गेले. तिने माझं डोकं धरलं आणि मागे नेलं. कानांत पाणी शिरलं तेव्हा मी ओरडणारच होते. आणि मग सगळं घर बंद झालं. पाऊस गेला, पोरी गेल्या, रस्ता गेला. फक्त तिचा आवाज उरला, पण तो त्या फाटक्या गळ्यातला नव्हता. तो एवढा मोठा होता की टबमध्ये मावत नव्हता, माझ्यात मावत नव्हता. खालून वर चढत होता. मी डोळे मिटले, मलामा. किती वेळ, मला ठाऊक नाही. पोरी म्हणतात, हलतच नव्हतीस.

वर आल्यावर मी विचारलं, "असा असतो?"

आई थंडीने कुडकुडत होती आणि हसत होती. म्हणाली, "नाही गं. हा माझ्या एकटीचा. तो असतो तेव्हा टब नसतो."

पाणी गार पडेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. पिटाने दार वाजवून विचारलं, काय चाललंय.

पुढच्या ऑगस्टला मी सुट्टी मागितलीय. पोरींची शाळा बुडेल तर बुडू दे.

लोसा